अक्षर आणि खिळा

दिवाळीच्या आधीची आवराआवर म्हणजे घरातल्या इतिहासाचे वार्षिक उत्खननच असते. यंदा माळ्यावरची जुनी ट्रंक खाली उतरली आणि तिच्या तळाशी लाल फडक्यात बांधलेली एक पोथी निघाली. पाने सुटी, आडवी, कडांना पिवळी पडलेली. पण अक्षर मात्र कालच छापल्यासारखे काळेभोर, टपोरे. शेवटच्या पानावर मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे नाव. माझी नात शेजारी बसली होती. तिने पानावरून बोट फिरवले आणि विचारले, "आजोबा, हे इतकं सारखं अक्षर कुणी काढलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थबकलो. ग्रंथ कुणी रचला, टीका कुणी लिहिली, छापखाना कुणाचा, हे सारे मला सांगता आले असते. पण अक्षर कुणी काढले? ज्या अक्षरांवर आपण वाचायला शिकलो, ज्यांतून ज्ञानेश्वर-तुकाराम आपल्या घरी आले, वर्तमानपत्र आले, लग्नपत्रिका आल्या, ती अक्षरे कुणाच्या तरी हातून घडली असतील हा विचारच आपल्या मनात कधी येत नाही. देवळाचा कळस पाहून आपण कारागिराचे कौतुक करतो. अक्षर पाहून करीत नाही. कारण आपण अक्षराकडे पाहतच नाही, अक्षरातून पाहतो.

नातीच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जी कथा हाती आली, ती सांगण्यासाठी हा लेख.

ही कथा सुरू होते गोव्यात. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्याला आला तो पोर्तुगीज पाद्र्यांबरोबर. खरे म्हणजे तो जायचा होता अ‍ॅबिसिनियाला. वाटेत गोव्यालाच राहिला. त्याचे खिळे अर्थातच रोमन. पुढे १५७९ साली फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्या भाषेच्या प्रेमात पडला. त्याचे 'क्रिस्तपुराण' म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ. १६१६ साली राचोल येथे तो छापला गेला. भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि लिपी रोमन!

स्टीफन्सला हे खटकत नव्हते असे नाही. १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्याने या देशाच्या लिपीत पुस्तके छापावीत अशी इच्छा व्यक्त केली होती. दक्षिणेत १५७८ सालीच कोल्लमला तामिळ अक्षरांत पुस्तक छापले गेले होते. मग इथे का नाही? अडचण त्यानेच सांगितली आहे. युरोपातल्या लिपीला चोवीस अक्षरांचे साचे पुरतात. इथे मात्र प्रत्येक चिन्ह म्हणजे व्यंजन आणि स्वर मिळून झालेले एक अख्खे अक्षर, त्यामुळे साचे लागणार सहाशेच्या घरात. एवढे साचे कोण करणार, आणि खर्च कोण देणार?

हा सहाशेचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढची चारशे वर्षे तो मराठी अक्षराचा पाठलाग करीत राहिला.

छापील नागरी अक्षर त्यानंतर डोकावले ते अगदी अनपेक्षित ठिकाणी. कोचीनच्या डच गव्हर्नराने मलबारातल्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. त्याच्या १६७८ साली अ‍ॅम्स्टरडॅमला निघालेल्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तिघा वैद्यांचे कोंकणी भाषेतले, नागरी लिपीतले निवेदन आहे. पण ते खिळ्यांनी छापलेले नव्हे. अख्खा मजकूर चित्रासारखा पत्र्यावर कोरून उमटवला आहे. ज्याने तो कोरला त्याला त्यातले एक अक्षरही वाचता येत नसावे.

त्याच सुमारास सुरतेच्या भीमजी पारेख या व्यापाऱ्याला हिंदू ग्रंथ छापावेत असे वाटू लागले. १६७० साली त्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्रासह मुंबईस उतरलादेखील. पण छापणे ही एक विद्या आणि खिळा कोरणे ही निराळीच. हिल्सला पहिली येत होती, दुसरी येत नव्हती. भीमजीचे स्वप्न तिथेच विरले.

खिळा कोरणे म्हणजे काय, हे इथे थोडक्यात सांगायला हवे. पोलादाच्या लहानशा कांबीच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावात कोरायचे. हरभऱ्याएवढ्या जागेत सगळी वळणे, जाडी, बारकावा. मग त्या पोलादाला पाणी देऊन ते कठीण करायचे आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचे. तांब्यात अक्षराचा जो खळगा पडतो ती मातृका. ती साच्यात बसवून वर शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा तयार होतो. एका मातृकेतून हजारो खिळे निघतात. पण मूळ पोलादी ठसा एकच, आणि तो माणसाच्या हाताचा. सोनाराची नजर, लोहाराचा हात आणि लेखकूची जाण या तीन गोष्टी एका ठिकाणी आल्याशिवाय हे काम होत नाही.

असा माणूस बंगालमध्ये सापडला. १७७८ साली हुगळीला बंगाली व्याकरणाचे पुस्तक छापताना चार्ल्स विल्किन्स या साहेबाने पंचानन कर्मकार या लोहाराला हाताशी धरले. पंचानन पुढे श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांकडे गेला. तिथे विल्यम केरी बसला होता. त्याला हिंदुस्थानातल्या जितक्या भाषांत जमेल तितक्या भाषांत छापायचे होते. पंचाननाने नागरी खिळे कोरण्याचे काम हाती घेतले, आपला जावई मनोहर याला ती विद्या दिली आणि थोड्याच वर्षांत तो वारला. मनोहरने ते काम पुढे कितीतरी वर्षे चालवले. १८०५ साली केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपुरात छापून निघाले. त्या कामी त्याला वैजनाथ शर्मा या मराठी पंडिताचे साहाय्य होते. म्हणजे खिळ्यांत जुळवलेले पहिले मराठी ग्रंथ महाराष्ट्रात नव्हे, तर बंगालमध्ये, बंगाली लोहाराच्या हातच्या अक्षरांत निघाले!

मात्र महाराष्ट्र त्या वेळी अगदीच स्वस्थ बसला होता असे समजू नये. त्याच १८०५ साली मिरजेला, तेथील पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, भगवद्गीता छापली गेली. पद्धत जुनीच, तांब्याच्या पत्र्यावर पानेच्या पाने उलटी कोरून काढण्याची. तांबटाच्या हाताने गीता कोरली. काम अप्रतिम, पण मार्ग आडवळणाचा. एका ग्रंथासाठी कोरलेला पत्रा दुसऱ्या ग्रंथाला उपयोगी नाही. श्रीरामपूरचा खिळा मात्र आज व्याकरणात, उद्या कोशात, परवा कथेत. एकाच वर्षी दोन वाटा फुटल्या आणि काळाने कोणती निवडली हे आपण जाणतोच.

केरीचा मराठी कोश १८१० साली निघाला तो मोडी खिळ्यांत. हे स्वाभाविक होते. त्या काळी मराठी माणसाच्या रोजच्या व्यवहाराची लिपी मोडीच होती. बाळबोध ही पोथ्यांची, देवाधर्माची. पण मोडी म्हणजे हात न उचलता धावत लिहायची लिपी. तिचा जीव वेगात आणि जोडणीत. ती सुट्या खिळ्यांत तोडली की तिचा डौलच जातो. उलट बाळबोधातले प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेषेखाली स्वतंत्र उभे. छापखान्याला बाळबोध मानवले. राज्यकर्त्यांची धोरणे होती, शाळांची सोय होती, पण या साऱ्यांच्या मुळाशी खिळ्याची ही आवडनिवडही होती. दप्तरांची लिपी मागे पडली आणि देवघरातली लिपी बाजारात आली. आज आपल्याच पणजोबांचे पत्र आपल्याला वाचता येत नाही, त्याला कारण झालेल्या अनेक गोष्टींत शिशाचा एक लहानसा तुकडाही आहे.

मुंबईत हे काम रुजले ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात. मिशनरी १८१३ साली आले आणि चार वर्षांत त्यांचे मराठी छापकाम सुरू झाले. प्रारंभीचे खिळे कलकत्त्याकडचे. आकाराने मोठे, वळणाने मराठी डोळ्याला परके. पुढे त्याच छापखान्यात उमेदवारी करून तयार झालेल्या टॉमस ग्रॅहम याने लहान, सुबक मराठी अक्षरे कोरली. आणि याच छापखान्याच्या छायेत आपली माणसे ही विद्या शिकली.

त्यांतले पहिले नाव गणपत कृष्णाजी यांचे. त्यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. शिळाछाप म्हणजे दगडावर लिहून छापणे; तिथे खिळ्यांचा प्रश्नच नाही, लेखकूचे वळण जसेच्या तसे उमटते. पुढे त्यांनी खिळेही तयार केले. जुन्या मंडळींना छापील पोथी विटाळाची वाटे. शाईत चरबी असते अशी शंका. तेव्हा गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई वापरली असे सांगतात. समाजाला नव्या वस्तूची सवय कशी लावावी हे त्यांना चांगले उमगले होते.

दुसरे नाव जावजी दादाजी यांचे. जन्म १८३९ चा; घरची गरिबी, शिक्षण बेताचे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ते पोरवयात कामाला लागले आणि शिशाच्या त्या तुकड्यांत त्यांचा जीव गुंतला. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू हे ठसे कोरण्यात निष्णात. जावजींची दृष्टी आणि राणोजींचा हात असा तो योग जुळला.

निर्णयसागरच्या अक्षरात नवे काय होते? भिंग घेऊन एखादे पान पाहावे. बोरू तिरका कापून लिहिले की आडव्या-उभ्या रेघांत जो जाड-बारीकपणा येतो, तो या शिशाच्या अक्षरात जसाच्या तसा आहे. उभा काना ठाम आहे, गोलाई भरलेली आहे, अक्षराच्या पोटातली मोकळी जागा नेमकी आहे. पोथी लिहिणाऱ्या लेखकूचे वळण त्यांनी मोडले नाही. ते धातूत उतरवले. त्यामुळेच ज्या पिढीने हातच्या पोथ्या वाचल्या होत्या तिने छापील पोथी परकी मानली नाही. १८८६ पासून निघालेल्या 'काव्यमाले'ने संस्कृत काव्ये देशभर आणि देशाबाहेर नेली, आणि कोलभाट गल्लीतले अक्षर काशीच्या पंडितापासून युरोपातल्या प्राध्यापकापर्यंत पोहोचले. जावजी १८९२ साली निवर्तले, अक्षर राहिले.

याचा एक परिणाम फार थोड्यांना ठाऊक असतो. नागरीतल्या 'अ', 'झ', 'ण' या अक्षरांची उत्तरेकडची जुनी वळणे निराळी होती. आज हिंदीच्या पुस्तकांत जे 'अ', 'झ', 'ण' आपण पाहतो ती मुंबईची वळणे. उत्तरेत त्यांना 'बंबइया' अक्षरे म्हणत. कोट्यवधी मुले आज जो 'अ' गिरवतात त्यामागे मुंबईच्या खिळे ओतणाऱ्यांची पुण्याई आहे, हे त्या मुलांच्या शिक्षकांनाही कुणी सांगितलेले नसते.

पण स्टीफन्सचा तो सहाशेचा आकडा? तो गेला नव्हता. रोमन लिपीचा जुळारी दोन केसींपुढे उभा राही. मराठी जुळाऱ्याभोवती केसींचा गराडा. क, कु, कृ, क्ष, क्त, क्र, प्रत्येकाचे घर निराळे. काही ठिकाणी अक्षर अवयवांसह एकसंध ओतलेले, त्याला 'अखंड' म्हणत. काही ठिकाणी मात्रा, रफार, उकार वेगळे ओतून वरखाली थर लावायचे, ती 'डिग्री'. पहिल्यात घरे वाढत, दुसऱ्यात मेहनत. आणि नाजूक तुकडे छापताना मोडत ते निराळेच. 'मात्रा उडाली', 'रफार गळाला' हे शब्द छापखान्यात रोजचे. जुन्या पुस्तकांची लांबलचक शुद्धिपत्रे लेखकाच्या अज्ञानापेक्षा शिशाच्या ठिसूळपणाचीच साक्ष देतात.

त्यात विसाव्या शतकाबरोबर जुळणीची यंत्रे आली. लायनोटाइपला कळा नव्वद. टंकलेखन यंत्राला तर त्याच्या निम्म्यानेच. सहाशे अक्षरे नव्वद कळांवर कशी बसवायची? आता प्रश्न स्पष्टच उभा राहिला. अक्षराने यंत्रापुढे वाकावे, की यंत्राने अक्षरापुढे?

भल्याभल्यांनी या प्रश्नात लक्ष घातले. दर आठवड्याला 'केसरी' काढणाऱ्या लोकमान्य टिळकांना जुळणीचा वेळ म्हणजे काय हे ठाऊक होते. खिळ्यांची संख्या दोनशेंच्या आसपास आणण्यासाठी त्यांनी परिश्रम केले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अ'चीच बाराखडी सुचवली: इ, ई, उ, ऊ ही निराळी अक्षरे नकोत, 'अ'लाच वेलांटी आणि उकार लावावेत. त्या वळणाने छापलेली पुस्तके आजही जुन्या घरांत सापडतात. १९३० नंतरच्या काळात हरी गोविल यांनी अमेरिकेत देवनागरी लायनोटाइप सिद्ध केले. १९५३ साली लखनौला भरलेल्या परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटीच अक्षराच्या डावीकडून उजवीकडे नेण्याचे ठरवले. लोकांना ते रुचले नाही, आणि १९५७ साली तो बदल मागे घ्यावा लागला.

या सुधारकांची थट्टा करण्याचे कारण नाही. आपली भाषा यंत्रयुगात मागे पडू नये ही त्यांची तळमळ होती आणि हिशेबही त्या काळापुरता बिनचूक होता. पण थोडा विचार करा. त्या साऱ्या सुधारणा टिकल्या असत्या तर? माझी नात त्या लाल फडक्यातल्या पोथीवरून बोट फिरवू शकली नसती. आपल्याच आजीची पोथी तिला मोडीइतकीच परकी झाली असती. यंत्र जाते, दुसरे येते. लिपी मोडली की घरातला एक दरवाजा बंद होतो.

आणि झाले नेमके तेच. यंत्र गेले. लायनोटाइपच्या ज्या नव्वद कळांसाठी एवढा खल झाला ते यंत्र आता संग्रहालयात पाहावे लागते. संगणक आला, त्याला सहाशे काय आणि सहा हजार काय, सारखेच. १९९१ साली युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला तिची जागा मिळाली. जे. जे. कलाशाळेत घडलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' अक्षर घडवले. संगणकावर मराठी वाचणाऱ्या असंख्य लोकांनी ते नाव न विचारता वर्षानुवर्षे वाचले. २०१४ साली मोडीलाही त्याच संकेतात स्थान मिळाले. शिशाने जिला बाहेर ठेवले तिला संगणकाने आत घेतले. चारशे वर्षांनी यंत्र अक्षरापुढे वाकले, असे म्हणायला हरकत नाही.

तरी सावध राहावेच लागते. आचार्यास नमस्कार करावा आणि आचाऱ्यास बुंदी पाडायला सांगावी, हा फरक मराठीत एका अर्ध्या 'र'वर अवलंबून आहे. ज्या खिळ्यांच्या संचात किंवा संगणकाच्या अक्षरात तो 'र' नाही, तिथे गुरुजींच्या हाती झारा येतो! असे बारकावे यंत्र आपण होऊन सांभाळत नाही. ते मागणारा माणूस लागतो. आपणच मागितले नाही तर देणार कोण?

हा दिवाळी अंक हाती घेतलेल्या वाचकाला आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. लेखकांची नावे आपण आठवतो, मुखपृष्ठाचे चित्रकार आठवतो. पण कथेचे ते नागमोडी शीर्षक, नाटकाच्या जाहिरातीतले ते बोलके नाव? कमल शेडगे यांनी जन्मभर मराठी नाटकांची नावे अशी रेखाटली की नाटकाचा स्वभाव शीर्षकातच कळावा. २०२० साली ते गेले. त्यांचे नाव निदान उरले. खिळे ओतणारे, घासणारे, रात्री कंदिलाच्या उजेडात उलटी अक्षरे वाचून जुळवणारे यांची नावे कुठल्याच पानावर नाहीत.

आपल्या शाळांत इतिहास शिकवतात तो लढायांचा आणि राजांचा. वस्तू कशा घडल्या, त्यांना हेच रूप का आले, ते कुणाच्या हाताने आले, हा इतिहास मुलांना कुणी सांगत नाही. त्यासाठी लांब कुठे जावे लागत नाही. साधन घरातच असते.

म्हणून एक विनंती. या दिवाळीत जुन्या पुस्तकांची थप्पी रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी प्रत्येकाचे पहिले आणि शेवटचे पान उघडून पाहा. छापखान्याचे नाव, गाव, साल वाचा. मुलाच्या हाती भिंग द्या आणि एक पान दाखवा. शिरोरेषा कुठे तुटली आहे, मात्रा कुठे उडाली आहे, 'अ' कसा काढला आहे. ते पान राखून ठेवा; पुस्तक ठेवता आले तर फारच उत्तम.

माझ्या नातीला मी शेवटी उत्तर दिले. म्हटले, "राणोजी नावाचे एक कारागीर होते. पोलादावर उलटी अक्षरे कोरायचे. त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी काढलं हे अक्षर." तिने थोडा विचार केला, पाटी ओढून घेतली आणि पोथीत पाहून एक 'अ' काढला. पहिला बिघडला. दुसरा बरा आला. तिसऱ्याला मी भिंग खाली ठेवले.